कंट्रोलचा तुकडा

वहिनीच्या गाठीच्या स्लाइडवर तपकिरी रंग चढलाच नव्हता. वीस वर्षं मी या लॅबमध्ये कॅन्सरच्या गाठींचे तुकडे काचेवर रंगवते, पण घरच्या माणसाचा पहिलाच.

लोकांना वाटतं, रिपोर्ट निगेटिव्ह आला की सुटलो. इथे उलटं आहे, बाई! पेशीवर रिसेप्टर असतात, वाढीचा निरोप आत पोचवणारे. त्यांची गर्दी झाली की पेशी थांबायचं नावच घेत नाही. पण त्याच रिसेप्टरला जखडून टाकणारं औषध आहे. रिसेप्टर भरपूर असले की स्लाइड तपकिरी होते, आणि तरच ते मिळतं. म्हणून सकाळपासून मी देवाला साकडं घालत होते, वहिनीची गाठ तपकिरी होऊ दे. असलं काही कुणी मागतं का?

"शून्य," मायक्रोस्कोपवरची मान न उचलता पॅथॉलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या. "रिपोर्ट टाकू?"

"थांबा मॅडम. आधी कंट्रोल बघा ना."

प्रत्येक स्लाइडच्या टोकाला आम्ही आधी तपासून तपकिरी ठरलेल्या एका गाठीचा तुकडा लावतो, तोच कंट्रोल. तो तपकिरी झाला, तरच शेजारच्यावर विश्वास ठेवायचा. मॅडमनी स्लाइड सरकवली. तोही नुसता निळा, पेशी दिसाव्यात म्हणून शेवटी देतो तेवढाच रंग.

"मशीनवर लावली नव्हतीस?"

"नाही. हाताने केली," मी म्हणाले. "म्हटलं, घरचं माणूस, मशीनच्या भरवशावर कशाला सोडा."

आणि मग आठवलं. रिसेप्टरला चिकटणारी अँटिबॉडी टाकायच्या वेळीच दादा दारात आला होता, "झालं का गं?" विचारत. मी त्याच्यावर खेकसले, परत आले आणि सरळ पुढची बाटली उचलली. अँटिबॉडी राहूनच गेली. मी तसंच मॅडमना सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. नवी स्लाइड मात्र माझ्या हातात न देता त्यांनी स्वतः मशीनमध्ये ठेवली. मला ते लागलं, पण बरोबरच होतं.

तीन तास जीव टांगणीला. मग मॅडमनी मला मायक्रोस्कोपसमोर स्वतःच्या खुर्चीत बसवलं. कंट्रोल तपकिरी. शेजारी वहिनीच्या पेशी, प्रत्येकीभोवती जाड तपकिरी कडं.

मी बाहेर दादा बसला होता त्या बाकाकडे धावले. "दादा, रंग आलाय! गाठ आडदांड आहे, पण औषध आहे रे!"

तो रडायलाच लागला. "मी तुझ्या वहिनीला म्हटलंच होतं, माझी बहीण स्वतःच्या हाताने करतेय. चूक व्हायची नाही."

मी त्याच्या शेजारी बसले.

"दादा," मी म्हटलं, "तुला एक सांगायचंय."