ओनोरेच्या डोक्यातली तार

मी एक तार आहे. शेवईएवढी जाड, टोकाला धातूची चार कडी. शिक्षण नाही, काम येतं. ग्रनोबल गावच्या ओनोरे नावाच्या म्हाताऱ्याच्या मेंदूत राहते. त्याच्या छातीच्या कातडीखाली एक डबी बसवली आहे, ती मला वीज पुरवते.

ओनोरे हातमोज्यांसाठी कातडं कापायचा. मग कंपवात जडला. कात्री हातात नाचू लागली.

डॉक्टरीणबाईंनी मला आत घातलं तेव्हा तो जागा होता. मेंदूतल्या पेशींनी आपापल्या वेळी बोलायचं असतं. इथे सगळ्या एकाच ठेक्यात ओरडत होत्या, आणि त्या गोंगाटात हाताला दिलेला हुकूम अडकत होता. मी माझे ठोके सुरू केले, त्यांच्याहून कितीतरी जलद. त्यांचा ठेका मोडला. हात थांबला.

"मेला एकदाचा नाच!" ओनोरे ओरडला.

"आजोबा, हलू नका," डॉक्टरीणबाईंनी दटावलं.

रोग मी बरा करत नाही. खोटं बोलणार नाही. तो पुढे सरकतच राहिला आणि कात्री पुन्हा डगमगली. डॉक्टरीणबाईंनी वीज वाढवली. हात दगडासारखा स्थिर झाला. पण माझी वीज शेजारी, बोलण्याच्या वाटेवर सांडली. जीभ जड पडली.

त्याची बायको ल्युसेत शेजारीच बसली होती. तिला आता दिसत नाही.

"ल्यु... सेत," तो म्हणाला.

तिने दचकून मान वळवली. "कोण बोलतंय?"

"मी. मीच."

तिने त्याची बाही चाचपली, मग हसली. "बरं झालं. जन्मभर तुमची टकळी ऐकली, आता कान तरी निवतील. हातच घ्या तुम्ही. कात्रीवाचून जगायचे नाहीत."

बाही मात्र तिने सोडली नाही.

ओनोरे त्या स्थिर हाताकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "कमी करा."

"हात थरथरेल, आजोबा."

"थरथरू दे. हिला अंधारात परक्या माणसाबरोबर बसवू का?"

वीज कमी झाली. तेवढ्यावर मी आजही ठोके देते, एकही चुकवत नाही. तो कोपर टेबलाला टेकवून कापतो. हळू कापतो. पुष्कळ कातडं वाया घालवतो.

तुम्हाला तो भेटेल. कॉफी बशीत सांडेल. पेला धरायला धावू नका. उरलेली थरथर त्याने स्वतः ठेवून घेतली आहे. त्याच्याशी बोला. उत्तर खणखणीत येईल.