जावयाचं मालकपण

औरादच्या किशनरावांची तपासणी लॅब आणि त्यांच्या जावयाची, अनिलकुमारची, कमलनगरची लॅब एकाच सॉफ्टवेअरवर चालत. कंपनीनं दोन्हींच्या मध्ये पक्की भिंत घातली होती. इकडचा रिपोर्ट तिकडं दिसत नसे. भिंतीला भगदाड पाडलं ते सासऱ्यानं. स्वतःच्या डोळ्याच्या ऑपरेशनवेळी लॅब बघायला जावयाला लॉगिन दिलं. हुद्दे होते मालक, तंत्रज्ञ आणि 'फक्त बघणारा'. आता जावयाला 'फक्त बघणारा' कसं लिहायचं? किशनरावांनी त्याला मालक करून टाकलं. डोळा बरा झाला, हुद्दा राहिला. दिलेला मान परत मागायची रीत आपल्याकडं नाही.

शुक्रवारी अनिलकुमार आतल्या खोलीत चहा घेत बसला होता. बाहेर बाकावर तोंडाला ओढणी लावून कमलनगरची अंबिका. घराजवळची लॅब सोडून ती मुद्दाम इथं आली होती, कारण तिची सोयरीक अनिलकुमारच्याच मावसभावाशी ठरली होती. रविवारी साखरपुडा. आणि मशीननं नुकताच टीबी दाखवला होता.

"अण्णा," तंत्रज्ञ तेजश्री कुजबुजली, "रिपोर्ट चढवला की मालकांच्या फोनवर वाजतंय. मालक दोघं हाईत."

अंबिका पुढं सरकली. "अक्का, मी सांगणारच हाय त्यांना, संध्याकाळी. आधी दुसऱ्याकडून कळलं तर लपवलं म्हणतेल."

"उद्या चढवू," किशनराव म्हणाले.

"डॉक्टर आत्ता वाट बघायलेत," तेजश्री म्हणाली. "गोळ्या आजच सुरू करायच्यात."

"मग नाव बदलून चढव."

"आन् गोळ्या कुणाला द्यायच्या? त्या खोट्या नावाला?" तेजश्रीनं कीबोर्ड त्यांच्याकडं सरकवला. "त्यांचा हुद्दा काढा. तेवढं तुम्हालाच करता येतंय."

"माझी लेक नांदायलीय तिथं, तेजू."

"मामा," आतून आवाज आला, "साखर कमी पडली बघा चहात!"

किशनरावांनी मनात दोन्ही बाजू मांडल्या. एकीकडं पोटची लेक, दुसरीकडं तासाभराच्या ओळखीची पोरगी. बेरीज सरळ होती. पण पोरगी खोकली, आणि खोकला दाबायला ओढणी दातांत धरली. त्यांनी बटण दाबलं.

आत फोन वाजला. कप हातात घेऊनच जावई बाहेर आला.

"मामा, मला काढलं? कामून?"

सॉफ्टवेअर बिघडलंय, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं.

"मीच काढलं. तुमची लॅब तिकडं, माझी इकडं."

"मग मी कोण?"

"जावई. जेवून जावा."

अनिलकुमारनं कप टेबलावर आपटला. निघता निघता त्याची नजर बाकाकडं गेली. "अंबिका? तू इथं काय करायलीस?"

त्यानं तेजश्रीकडं, लॉगिन बंद झालेल्या आपल्या फोनकडं, पुन्हा पोरीकडं बघितलं आणि गाडी काढली. गाडी वळायच्या आतच फोन त्याच्या कानाला होता.

"चढवू का?" तेजश्रीनं विचारलं. किशनरावांनी होकाराची मान हलवली.

अंबिकानं संध्याकाळची वाट बघितली नाही. तिथंच उभी राहून होणाऱ्या नवऱ्याचा नंबर लावला. पहिल्यांदा लाइन बिझी लागली. तिनं पुन्हा लावला. पुन्हा लावला.

"हं, ऐकायलाव का? अनिलदाजींचा फोन ठेवा आधी. मी सांगते."