सात नंबरचा बिल्ला

मित्रांनो, खिळ्यावर टांगलेला असलो की मला स्वस्थता म्हणून नसते. वाऱ्याची झुळूक आली तरी मी भिंतीवर किणकिणतो. जिन्यात पावलं वाजली की कान टवकारतो. मला कान नाहीत, तरी टवकारतो. मी एक जुना पितळी बिल्ला आहे. रुपयाच्या नाण्याहून मोठा, पुरीहून लहान. वर एक भोक आणि मधोमध ठोकलेला सातचा आकडा. बडोद्यात, वासणा भागातल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, दाराशेजारी सध्या माझा मुक्काम आहे. पण मी काही घराच्या शोभेसाठी जन्मलो नव्हतो.

पादरा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर रसायनांचा एक कारखाना होता. त्याच्या वर्कशॉपमध्ये पितळेच्या एका पत्र्यातून मी आणि माझी भावंडं कापले गेलो. कानस फिरली तेव्हा अंग शहारलं, आकडा ठोकला तेव्हा तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. कोणीतरी म्हणालं, "प्लॅस्टिकचे करा की, स्वस्तात पडतील." त्यावर कारखान्याच्या अग्निशमन दलाचे प्रमुख सुभानराव गुरगुरले, "प्लॅस्टिक वितळतं. माझी माणसं जिथे उभी राहतात तिथे वितळणारं काही मला चालायचं नाही." ते ऐकलं आणि ठोकल्याचं दुखणं मी विसरलो.

आमचं काम साधं होतं. आग लागली की दाराबाहेर एक लाकडी फळा उभा करत. त्यावर खिळे, प्रत्येक खिळ्यावर एक नंबर. धुरात शिरण्याआधी जवान पाठीवर हवेची टाकी बांधायचा, तोंडावर मुखवटा चढवायचा आणि आपला बिल्ला फळा सांभाळणाऱ्या फळेवाल्याच्या हातात द्यायचा. फळेवाला तो खिळ्यावर अडकवायचा. बाहेर आल्यावर जवानाने आपला बिल्ला आपल्याच हाताने काढून घ्यायचा, दुसऱ्या कोणी त्याला बोट लावायचं नाही. म्हणजे कसं, की बिल्ला खिळ्यावर तर माणूस आत. खिळा रिकामा तर माणूस बाहेर. धुरात माणसं दिसत नाहीत, मित्रांनो. आम्ही दिसतो. दसऱ्याला आम्हाला चिंचेने घासून फळ्यावर ओळीने मांडत, झेंडूची फुलं वाहत आणि मग सगळे फाफडा-जलेबीवर तुटून पडत. सुभानराव मात्र आधी आम्हाला हात जोडत.

माझा माणूस जनार्दन. उंच, सावळा, बोलायला मोजका. तो आत असला की मी खिळ्यावर थरथरत असायचो, आणि त्याचा ओला, काळा हात आला की शांत व्हायचो. माझं सगळं आयुष्य त्या दोन गोष्टींच्या मधे होतं.

त्याची बायको निरुपमा. बडोद्याच्याच कॉलेजातून बी. ए. झालेली. ती पुण्याच्या एका मासिकासाठी क्रमशः कादंबरी लिहायची, थरारक प्रेमकथा. तिचा नायक उदयन हा अग्निशमन दलातला शूर जवान, नायिका वैदेही. शहरातली गोदामं एकामागून एक पेटत असतात, आणि आगी लावणारा उदयनच तर नाही ना, या संशयाने वैदेहीची झोप उडालेली असते. प्रेम तर त्याच्यावरच बसलेलं! वाचक दर महिन्याला जीव मुठीत धरून वाट पाहत. निरुपमाचाही जीव मुठीतच असायचा, पण त्याला कारण वेगळं. एक डोळा कागदावर, एक गॅसच्या बटणावर, कान जिन्याकडे, आणि उरलेलं सगळं लक्ष कांचनकडे. कांचन म्हणजे त्यांची दीड वर्षाची मुलगी. ती जरा वेळ गप्प राहिली की निरुपमाचं पेन थांबायचं.

जनार्दन तिची पानं वाचायचा आणि जेवताना तिची खोडी काढायचा.

"तुझ्या उदयनने मुखवटा का नाही घातला?"

"घातला तर वैदेहीला त्याचे डोळे कसे दिसतील?"

"डोळे दिसतील गं, पण तो उरणार नाही. दोन श्वासांत आडवा होईल."

"मग तुम्हीच लिहा."

"मी लिहिलं तर पहिल्या पानावर पाइप, दुसऱ्या पानावर पाइप. मासिक बंद पडेल."

निरुपमा हसायची, पण तिचं घोडं शेवटच्या प्रकरणापाशी अडलं होतं. उदयन आगीत शिरतो, वैदेही बाहेर उभी. तो आत आहे, हे तिला कशावरून कळावं? एके रात्री जेवताना जनार्दनने तिला फळ्याची रीत सांगितली. तिचा घास हातातच राहिला.

"अहो, तो बिल्ला मला एकदा बघायचाय. हातात घेऊन."

"कारखान्याबाहेर न्यायचा नाही, असा नियम आहे."

तिने भात नुसताच कालवला. ताटात बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्याचा रिकामा डबा घासायला उघडला, तर खालच्या पुडात मी! तिने मला पदराला पुसलं, दिव्याखाली धरलं, बोटाने माझा आकडा गिरवला. "उदयनसाठी आणलात?" तिने विचारलं. तो म्हणाला, "उदयनचं मला काय पडलंय! सकाळी आठवणीने शर्टाच्या खिशात टाक म्हणजे झालं." मित्रांनो, त्या रात्री मी तिच्या कागदांवर पडून होतो. खिळ्यावर नाही, खिशात नाही. अंगाखाली शाईचा वास. मला एकदाही डुलकी लागली नाही.

सकाळी तिने त्याच्या शर्टाला इस्त्री केली, मला खिशात टाकलं, शर्ट खुर्चीच्या पाठीवर अडकवला आणि लिहायला बसली. शेवटचं प्रकरण अखेर सुचलं होतं. वैदेही फळ्यासमोर उभी होती, पेन धावत होतं. कांचन खुर्चीमागे गप्प झाली. बराच वेळ गप्प राहिली. त्या दिवशी, तेवढ्या एका वेळी, निरुपमाचं पेन थांबलं नाही.

इवल्याशा बोटांनी मला खिशातून उचललं आणि माझ्या जागी भातुकलीतली पितळी ताटली टाकली. पोरीचा न्याय सरळ होता. तुमचं गोल घेतलं, हे घ्या माझं गोल. मग मी तिच्या भातुकलीच्या टोपात पडलो, वर झाकण. अंधारात मी शर्ट उचलल्याची सळसळ ऐकली. जनार्दनची सेकंड शिफ्ट होती. तो दारात थांबला, खिसा चाचपला. गोल, थंड, पितळी काहीतरी हाताला लागलं. "येतो गं," म्हणाला आणि गेला. मी टोपात आपटत राहिलो. भातुकलीचा आवाज मोठ्यांना ऐकू जात नाही.

दुपार कलायच्या सुमारास कारखान्याचा भोंगा वाजला. थांबला नाही, वाजतच राहिला. शेजारच्या हंसाबेन जिन्यातून ओरडल्या, "निरुबेन, अगाशीवर या जल्दी! पादरा बाजूला केवढा धुमाडो, धूरच धूर!"

निरुपमा कांचनला उचलायला वाकली. कांचनचा खेळ ऐन रंगात होता. तिने टोपाचं झाकण काढलं, मला ताटलीऐवजी तळहातावर घेतलं आणि आईपुढे धरलं. "आई, पुली. हम् कल."

निरुपमाने पुरीकडे पाहिलं.

मित्रांनो, मी पुष्कळ आगींच्या दाराशी टांगलेला होतो; पण इतका पांढरा पडलेला चेहरा कुठे पाहिला नव्हता. काय झालं असेल, हे या शहरात एका तिलाच कळत होतं, कारण सकाळपासून ती तेच तर लिहीत होती. बिल्ला खिळ्यावर तर माणूस आत, खिळा रिकामा तर माणूस बाहेर. आणि सात नंबरचा बिल्ला इथे, तिच्या हातात.

एका काखेत लेक, मुठीत मी, अशी ती हंसाबेनच्या घरात शिरली. फोन त्यांच्याकडेच होता. नंबर फिरवला, एंगेज. पुन्हा फिरवला, पुन्हा एंगेज. तिच्या मुठीला घाम सुटला होता, मी त्यात निसटत होतो आणि ती मला आणखी घट्ट धरत होती.

"रिक्षा करू काय?" हंसाबेन कांचनला घेत म्हणाल्या.

"रिक्षा पोचेस्तोवर..." तिने पुन्हा नंबर फिरवला. लागला!

"ताई, इथे आग लागलीये, फोन ठेवा," पलीकडून गेटवरचा माणूस ओरडला.

"ठेवणार नाही! सुभानरावांना सांगा, सात नंबरचा बिल्ला घरी आहे. जनार्दनचा बिल्ला घरी आहे!"

"कसला बिल्ला? नंतर बघू की."

"नंतर नाही, आत्ता!" गाय हंबरावी तसा आवाज तिच्या पोटातून आला. "एवढंच सांगा. खिळा रिकामा आहे, पण माणूस आत आहे. फळा खोटं बोलतोय. धावा हो, भाऊ!"

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला, आणि पळणाऱ्या बुटांचा. मग नुसताच भोंगा, फोनमधूनही आणि खिडकीतूनही. निरुपमा रिसीव्हर कानाला लावून उभी राहिली. हंसाबेन अंबामातेचं नाव घेत होत्या. कांचनने हात पुढे करून आपली पुरी परत मागितली. निरुपमाने मूठ उघडली नाही.

तिकडे काय घडलं, ते मला मागाहून कळलं. जनार्दनने घाईत खिसा उलटा केला, तर हातात लेकीची ताटली. आत एक कामगार अडकल्याचं त्याला एकट्यालाच दिसलं होतं, थांबायला वेळ नव्हता. फळ्यावर त्या दिवशी वसंत होता. "वसंता, मी आत चाललोय, ध्यानात ठेव," म्हणून जनार्दनने ताटली त्याच्या हातात कोंबली. ताटलीला भोक नाही. ती खिळ्यावर राहीना, म्हणून वसंताने ती स्वतःच्या खिशात ठेवली. तेवढ्यात पाइप फुटून त्याच्या अंगावर कढत पाणी उडालं, आणि त्याला शुद्ध हरपलेल्या अवस्थेत गाडीत घालून दवाखान्यात नेलं. खिशातली ताटली त्याच्याबरोबर गेली. नव्या फळेवाल्याला दिसला तो नुसता फळा. एकेक जवान बाहेर आला, आपापला बिल्ला काढून बाजूला झाला. खिळे सगळे रिकामे. आग हटत नव्हती. अशा वेळी दार घट्ट लावून आत वायू सोडतात, म्हणजे आगीला हवा मिळत नाही. माणसालाही मिळत नाही. सुभानरावांनी दार लावायला सांगितलं होतं आणि वायूच्या चाकावर हात ठेवला होता, तेव्हा गेटवरचा माणूस धापा टाकत आला.

"साहेब, एक बाई म्हणतेय, फळा खोटं बोलतोय."

सुभानरावांनी चाकावरचा हात असा उचलला की जणू तेच पेटलं होतं. दार उघडलं. दोघे आत शिरले. जनार्दन दारापासून फार दूर नव्हता. टाकीतली हवा संपत आल्याची शिट्टी वाजत होती, आणि तो भिंत चाचपत त्या कामगाराला ओढत आणत होता.

फोनवर शेवटी सुभानरावांचाच आवाज आला. "वहिनी, आहे. खोकतोय, पण आहे." आणि लगेच, "आता मला सांगा, माझा बिल्ला घरी कोणी नेला?"

निरुपमा मटकन खाली बसली आणि इतकी रडली, की कांचननेही सूर लावला.

जनार्दनला सुभानरावांनी सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. त्या दिवसापासून आम्ही बिल्ले हवेच्या टाकीलाच साखळीने बांधले गेलो; धुरात शिरतानाच तेवढं सोडून फळेवाल्याकडे द्यायचं. मला राग नाही आला. सुटं राहून काय होतं, ते मी पाहिलं होतं. वसंत बरा होऊन आला आणि त्याने ताटली कांचनच्या हातात परत दिली.

आणि कादंबरी? निरुपमाने शेवटचं प्रकरण फाडून पुन्हा लिहिलं. आधी उदयन ज्वाळांतून वैदेहीला उचलून आणत होता. आता तो मुखवटा घालून, खोकत, रांगत एकटाच बाहेर येतो. आगी लावणारा गोदामाचा मालकच निघतो. उदयन फळ्यापाशी जातो, पण हात इतके थरथरत असतात की त्याला आपला बिल्ला निघत नाही. वैदेही तो काढून देत नाही. नियम नियम असतो. ती नुसती त्याच्या कोपराखाली हात धरून उभी राहते, तो काढेपर्यंत. हंसाबेनला तिने हे वाचून दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "सारू छे, पण लग्न क्यारे, केव्हा?" जनार्दनने मात्र ते पान दोनदा वाचलं आणि जेवताना खोडी काढली नाही.

पुढे कारखान्यात बिल्ल्यांच्या जागी नवी कार्डं आली. सुभानराव नसते तर आम्ही मोडीतच गेलो असतो. त्यांनी ज्याचा त्याला बिल्ला देऊन टाकला. काही वर्षं मी एका खणात सुया-दोऱ्यांत पडून होतो. अंग काळं पडलं, कोणाला आठवण नव्हती. मग कांचन कॉलेजात जायला लागली. पहिल्याच दिवशी निरुपमाने मला शोधून काढलं, चिंचेने घासलं आणि दाराशेजारी एक खिळा ठोकून जनार्दनला म्हणाली, "हसायचं नाही हं." तो हसला नाही.

तेव्हापासून कांचन घराबाहेर जाताना मला खिळ्यावर अडकवते, आणि परत आली की स्वतःच्या हाताने काढून खालच्या वाटीत ठेवते. दुसऱ्या कोणी मला बोट लावायचं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी असा खिळा नसेल. पण तुम्ही कुठे गेलात आणि आलात की नाही, याचा एक फळा कोणाच्यातरी मनात टांगलेला असतोच. म्हणून जाताना सांगून जा. आल्यावर चपला काढायच्या आधी हाक मारा. आणि दुसऱ्याच्या जिवाची खूण असलेली वस्तू, कितीही लाडाने, तिच्या जागेवरून हलवू नका.

आत्ता दिवेलागण झाली आहे. मी खिळ्यावर आहे. कांचन निजामपुऱ्याला मैत्रिणीकडे गेली आहे, अजून आलेली नाही. निरुपमा आत लिहिते आहे, पण पेनाचा आवाज मघापासून थांबला आहे. जिन्यात पावलं वाजताहेत. पहिला मजला. वळण. मी किणकिणतो आहे.

"आई, आले गं!"

आणि एक उबदार हात माझ्याकडे येतो.