तेजोच्या केसांचा गुंता

तेज कौर गेली, हे कळलं तेव्हा बचिंत कौर मोहरीचा पाला निवडत होती. तो तसाच टाकून ती गल्ली ओलांडून समोर आली आणि दारातच थबकली. नऊ वर्षांत तिनं हा उंबरा ओलांडला नव्हता. गुरुद्वाऱ्यात लंगराच्या भरल्या पंगतीत तेजो म्हणाली होती, "बचिंतोच्या रोट्या कच्च्या राहतात." एवढंच. पण बचिंतचा राग म्हणजे राग! आज मात्र शेवटच्या आंघोळीला आपला हात लागावा असं तिला फार वाटत होतं, आणि तेजोच्या सुनेनं दारातूनच वाटेला लावलं तर तोंड कुठं लपवायचं, ही धास्ती होती.

आत बायकांनी दही-पाण्यानं तेजोला न्हाऊ घातलं होतं. घोडं अडलं होतं ते केसांपाशी. तीन महिने अंथरुणाला खिळलेली बाई. उशीला घासून केसांची जट झालेली. अमृत घेऊन खालसा पंथाची दीक्षा घेतलेल्या बाईला केस विंचरून, अंबाड्यात कंगवा खोचल्याशिवाय न्यायचं कसं?

"कापून टाकू एवढा गुंता," लुधियान्याची भाची म्हणाली. "ओढणीखाली कुणाला दिसतोय?"

"खबरदार!" बचिंत कधी आत शिरली ते तिचं तिलाही कळलं नाही. "जन्मात केसाला कात्री लागू दिली नाही तिनं, आणि आता कापताय? सरका तिकडं!"

बायका सरकल्या. सून रमणीकनं तेलाची वाटी पुढं केली. बचिंतनं तेजोचं डोकं मांडीवर घेतलं आणि एकेक बट सोडवायला लागली.

तासाभरानं बाहेरून तेजोच्या मुलाची हाक आली, "चाची, लाकडं रचून झालीत. लोक खोळंबलेत."

"मग लाकडं काय पळून जाताहेत? बस गप!" असं म्हणून ती मांडीवरच्या तेजोवर खेकसली, "आणि तू गं, मान सरळ ठेव की. जन्मभर वाकडीच." बायकांना हसू आवरेना. मग तिनं सुनेकडं मोर्चा वळवला. "सासूच्या डोक्याला तीन महिने कंगवा लावायला सवड झाली नाही होय तुला?"

रमणीकचे डोळे भरून आले. "रोज घेऊन बसायचे, चाची. हात लावू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, राहू दे, बचिंतो येईल. तिचा हात हलका आहे."

बचिंतचा हात थांबला. तीन महिने ती आपल्या खिडकीतून या दारात येणारी डॉक्टरची गाडी बघत होती.

"निरोप धाडायचा होतास ना, बये," ती तेजोच्या चेहऱ्याकडं बघत पुटपुटली. "आले असते मी."

बोलून गेली आणि तिचं तिलाच उमगलं, की आली नसती. तेव्हा तिला रडू फुटलं, आणि रडत रडतच तिनं पुढची बट सोडवायला घेतली.