मागच्या डाव्या दाराशी

मी बोलतेय. इकडेतिकडे बघू नका. पत्र्याच्या छपराखाली उभी असलेली, एका दिव्याने तिरळी, राखी रंगाची गाडी, तीच मी. घरात मला ‘म्हातारी’ म्हणतात. चार पायऱ्या चढल्या की ज्यांना धाप लागते, तेच म्हणतात, म्हणून मी मनावर घेत नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. माझ्या पुढे-मागे हुबेहूब माझ्यासारख्या बहिणी सरकत होत्या. आम्हा सगळ्यांच्या इंजिनात एक खोड राहून गेली. चालताना आमच्या पोटातून टकटक, टकटक असा आवाज येतो, आपल्याच तंद्रीत कुणी बोटांनी टेबल वाजवावं तसा. पुढे बहिणी पांगल्या. कुणाच्या घरी गेल्या, कसल्या वाटा तुडवल्या, मला माहीत नाही.

मला एका चष्मेवाल्यांनी घेतलं. आठवड्यातून एकदा आम्ही दूरच्या दगडखाणीवर जायचो, तिथल्या कामगारांचे डोळे तपासायला. मागच्या सीटवर भिंगांची पेटी असायची. खड्डा आला की आतली भिंगं किणकिणायची. अलीकडे शेजारच्या सीटवर त्यांची लेक बसू लागली. नुकतंच कॉलेज संपवून आलेली. बाबा तिला ‘ठिणगी’ म्हणायचे. काडी मात्र बहुतेक वेळा तेच ओढायचे.

खाणीचा रस्ता म्हणजे झोपेत कुणीतरी ओढलेली रेघ. दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत, त्यावर सकाळचं दुधाळ धुकं. घर नाही, दिवा नाही. मला वाटायचं, मी चालत नाहीच आहे, रस्ताच माझ्याखालून हळूहळू वाहतोय.

त्या धुक्यातच तो पहिल्यांदा दिसला. पडक्या बसथांब्यापाशी उभा, पिवळसर कुत्रा, पुढचा एक पाय पांढरा. गळ्याभोवती केस झिजून गोल वळ पडला होता. पट्टा काढून नेलेला, वळ राहिलेला.

“बाबा, थांबवा! कुणीतरी सोडून गेलंय त्याला.”

“अगं, असेल इथलाच.”

“इथे काय आहे ‘इथलाच’ असायला? गवताने पाळलाय का?”

बाबांनी मला थांबवलं. तो माझ्याकडे धावत येत होता, कान उभे, शेपूट वाऱ्यावर. “इंजिन बंद करा,” ती कुजबुजली, “घाबरेल तो.” मी गप्प झाले, आणि तोही जागच्या जागी थबकला. हाक मारता मारता कुणीतरी मधेच मुकं व्हावं, तसा त्याचा चेहरा झाला. ती बिस्किटं घेऊन पुढे झाली आणि तो गवतात विरघळून गेला.

पुढच्या फेरीला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. ती लांबच थांबायला लावायची, मला बंद करायला लावायची, दबक्या पावलांनी जायची. कधी पोळी, कधी उकडलेलं अंडं, कधी दोरीचा फास. पुस्तकात वाचलेलं सगळं करून झालं. तो फक्त वाळत गेला. फासळ्या दिसू लागल्या.

मला एव्हाना कळून चुकलं होतं. ट्रक गेला, मोटरसायकल गेली, तर तो मान वर करत नसे. मी मात्र वळणाआड असतानाच तो उठून उभा राहायचा. माझीच कुठलीतरी बहीण त्याला तिथे उतरवून गेली होती. तो त्या टकटकीची वाट बघत होता, आणि ही मुलगी, त्याच्या भल्यासाठी, नेमकी तीच बंद करत होती. मी ओरडून सांगितलं असतं. पण गाडीच्या हॉर्नमध्ये शब्द नसतात.

मग खाण बंद झाली. आमची शेवटची फेरी होती. वसाहत निम्मी रिकामी, लोक गाठोडी बांधून निघालेले. आता त्या रस्त्याला कुणी उष्टा तुकडासुद्धा टाकणार नव्हतं. आणि नेमका त्याच दिवशी माझ्या बॅटरीने मान टाकली होती. खाणीवरच्या लोकांनी कसंबसं मला सुरू करून दिलं.

परतताना तो दिसला. उभा होता, पण पाय थरथरत होते.

“बंद करा बाबा, लवकर!”

“बंद केली तर पुन्हा सुरू होणार नाही. रानातच मुक्काम करायचा का?”

“एक जीव मरतोय तिथे, आणि तुम्हाला मुक्कामाची पडलीय!”

“मला अक्कल शिकवू नकोस. प्रत्येक वेळी तुझं ऐकलं, काय झालं?”

“तुम्ही ऐकलं? तुम्ही दर वेळी घड्याळ बघितलं!”

दोघांचा असा आवाज चढला, की काच थरथरली. मी आपली उभ्या जागी, खालून टकटक करत राहिले. आणि भांडणाच्या ऐन भरात मागच्या डाव्या दारावर नखांची खरखर झाली.

दोघंही मागे वळले. तो दाराला नाक लावून उभा होता, रोज फिरून येऊन घरात शिरणाऱ्यासारखा.

“आवाज,” ती हळूच म्हणाली. “बाबा, त्याला हा आवाज हवा होता. आणि मी मूर्ख...”

तिने मागे वाकून दार उघडलं. तो चढला. सीट हुंगली, पेटी हुंगली, पुन्हा सीट हुंगली. आणि त्याचे कान हळूहळू खाली आले. टकटक तीच होती, वास दुसऱ्याच घराचा.

“लाव, लाव दार!” बाबा म्हणाले. “सापडलाय!”

“नाही.”

“आता काय?”

“त्याला एकदा न विचारता सोडलंय. आता न विचारता न्यायचं नाही.”

तो खाली उतरला. रस्त्याच्या मधोमध जाऊन बसला. एकदा या टोकाकडे पाहिलं, एकदा त्या. धुकं त्याच्या पाठीवर उतरत होतं. मी थरथरत उभी. आयुष्यात त्या एकदाच मला वाटलं, आपण आपण नसतो, ती दुसरी बहीण असतो तर!

“किती वेळ?” बाबांनी विचारलं.

“पेशंटला अक्षर ओळखायला देता ना, तेवढा.”

त्या दिवशी बाबांनी घड्याळ पाहिलं नाही.

बऱ्याच वेळाने तो उठला. सावकाश आला, पुन्हा चढला आणि भिंगांच्या पेटीवर हनुवटी टेकून त्याने डोळे मिटले. दार बाबांनीच उतरून लावलं, इतकं अलगद, की मलाही ऐकू आलं नाही.

आता तो माझ्याच सावलीत झोपतो. अंग भरलंय. झोपेत त्याचे पाय पळतात. कुणाच्या मागे, ते मी विचारत नाही.

तुम्हाला मात्र एक सांगायचंय. ज्याने तुम्हाला जीव लावला, त्याला असं रस्त्यावर उतरवून जायचंच असेल, तर इंजिन चालू करू नका. तो आवाज तो आयुष्यभर ऐकत राहील. तुमची गाडी ढकलत न्या. दमाल. घाम पुसायला थांबाल, तेव्हा एकदा तरी मागे वळून बघाल.