सहा ठिपक्यांचा कटर

अप्पांच्या धार लावण्याच्या कार्यशाळेत एक नियम होता. तो भिंतीवर लिहिलेला नव्हता. दाराच्या चौकटीत रुतलेला होता. बत्तीस वर्षांपूर्वी आठव्यांदा धार लावलेल्या एका मिलिंग कटरचा, म्हणजे धातू कापणाऱ्या दातेरी चाकाचा, दात पहिल्याच चाचणीत तुटला आणि अप्पांच्या कानाजवळून जाऊन त्या चौकटीत बसला. तो कोणी उपसू नये, अशी त्यांची आज्ञा होती. त्या दिवसापासून प्रत्येक धारेनंतर कटरच्या अंगावर पंच या टोकदार खिळ्याने ठोकून एक ठिपका उमटवायचा आणि सात ठिपके भरले की कटर खिळ्याला टांगायचा, अशी रीत पडली. खिळ्यावरच्या त्या निवृत्त कटरांकडे अप्पा ज्या आदराने पाहत, तो त्यांच्या जावयाच्या वाट्याला कधी आला नाही.

आता अप्पांचे हात कापत. पाच वर्षांपूर्वी ग्राइंडर लेकीने हाती घेतला. अप्पांकडे खुर्ची आणि मते उरली.

एके दिवशी सकाळी पायवाले आपल्या पत्नीसह आले. पायवाले कृत्रिम पाय घडवीत. पत्नी हे त्यांचे पहिले गिऱ्हाईक. पाय बसविता बसविताच लग्न जमले होते. तिच्या गुडघ्याच्या सांध्यातील खोबणी दर तीन वर्षांनी झिजे आणि पायवाले खालचा भाग नव्याने कापीत. त्या खोबणीची वक्रता अप्पांनी चोवीस वर्षांपूर्वी कागदावर रेघ न ओढता केवळ हाताने साधली होती. तिला जुळणारा कटर जगात एकच होता, आणि तो पायवाल्यांच्या फडक्यात गुंडाळलेला होता. तो निकामी झाल्यास नव्या धाटणीचा गुडघा बसवून चालणे मुळापासून शिकावे लागेल, असे डॉक्टरांचे म्हणणे पडले. अठ्ठावन्नाव्या वर्षी नवऱ्याकडून चालायला शिकण्याइतका संयम आपल्यात नाही, असे पत्नीचे.

कटर दिसायला विचित्र होता. आठ दात, पण कोणत्याही दोन दातांमधले अंतर सारखे नाही. ते अप्पांनी बुद्धिपुरस्सर तसे ठेवले होते, कारण सम अंतरावरचे दात एका लयीत आपटतात आणि काम थरथरते. दुसऱ्या एका कार्यशाळेने ही चूक समजून ती फुकट दुरुस्त करून देण्याची तयारी दाखविली होती. पायवाल्यांनी तेव्हापासून कटर परक्या हाती दिला नाही.

लेकीने ठिपके मोजले. सहा भरले.

"अजून एक धार शिल्लक आहे," ती म्हणाली आणि कटर ग्राइंडरवर चढवू लागली.

अप्पा काहीच बोलले नाहीत. ही गोष्ट एवढी अपूर्व होती की पायवाल्यांच्या पत्नीने त्यांच्या प्रकृतीची चौकशी केली.

प्रकृती उत्तम होती. सहा वर्षांपूर्वी अप्पांनी या कटरला धार लावली आणि ठिपका मारला नाही, एवढेच. एक ठिपका कमी राहिला तर या बाईला पुढे एक गुडघा जास्त मिळेल, असा त्यांचा हिशेब होता. तेव्हा त्याला त्यांनी करुणा असे नाव दिले होते. आता तीच करुणा आठव्या धारेला निघाली होती, आणि दात तुटलाच तर तो पायवाल्यांच्या तोंडासमोर तुटणार होता. बोलावे तर बत्तीस वर्षांचा नियम स्वतःच्याच हाताने मोडल्याचे कबूल करायचे, तेही लेकीसमोर.

तिचा हात बटणाकडे गेला.

"थांब," अप्पा म्हणाले. "सात झाल्या आहेत त्याला. एक ठिपका मी मारला नाही."

पायवाल्यांनी चौकटीकडे पाहिले.

"ठाऊक आहे मला," लेक म्हणाली. "माझ्या हाती पहिल्यांदा आला तेव्हाच दातांची जाडी मोजली होती. तेव्हाच्या पाच ठिपक्यांच्या मानाने दात फारच बारीक होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून."

"अहो अप्पा, गुडघा माझा," पत्नी म्हणाली. "हा आठवा चाललाय. पहिला कोऱ्या कटरचा, पुढचे सात धार लावून. एवढा हिशेब मला येत नाही होय?"

"मला कोणी काही सांगितलं नाही," पायवाले म्हणाले.

लेकीने जाडी मोजायचा मायक्रोमीटर काढला आणि अप्पांच्या डोळ्यांदेखत आठही दात मोजले. अशा कटरला धार केवळ दाताच्या पुढच्या अंगाने लावतात. आकार तसाच राहतो, दात मात्र पातळ होत जातो. सर्वांत पातळ दात साडेचार मिलिमीटर भरला.

"चौकटीतला तुम्ही उपसू देत नाही, म्हणून मी तो आहे तिथेच मोजलाय," ती म्हणाली. "तो तीनसुद्धा नाही. अप्पा, तो दात धारा मोजून नाही, पातळ झाला म्हणून तुटला."

अप्पांनी चौकटीकडे पाहिले. मग मान हलविली. ती होकारार्थी होती, असे सर्वांनी धरून चालले.

लेकीने एकेक दात टेकणीवर टेकवून, अंतरांच्या विषमतेला धक्का न लावता, ग्राइंडरच्या चाकाचा केवळ स्पर्श होऊ दिला. मग पायवाल्यांना बजावले: हळू चालवायचा, एका बैठकीत गुडघ्याचे तीन भाग कापून ठेवायचे आणि कटर इथे आणून द्यायचा, खिळ्यासाठी.

"नऊ वर्षांची सोय झाली," पत्नी म्हणाली. "तोवर कोण कुठे असेल."

लेकीने पंच आणि हातोडी अप्पांपुढे ठेवली. "सातवा तुमचा. आठवा मी मारते."

अप्पांनी पंच ठोकला. सातवा ठिपका ओळ सोडून थोडा बाजूला पडला. आठवा लेकीने, ओळ सोडून, त्याच्या शेजारीच मारला.

पायवाल्यांच्या पत्नीने कटर हातात घेऊन ते दोन्ही ठिपके नीट पाहिले, आणि हे आपल्या चालण्याशी जुळते आहे, असे मत दिले.