पायाळूचा पाय

मी जन्मले ती पायांकडून, म्हणून मी पायाळू. आमच्याकडं कुणाची कंबर धरली, पाठीत उसण भरली, की माणूस पायाळूच्या दारात येऊन पालथा पडतो. पायाळूनं डावा पाय पाठीला तीनदा लावला की उठून चालायला लागतो. सिरसाळ्याच्या आसपासच्या गावांतून लोक माझ्या दारात येतात. सरपंच येऊन गेला, त्याच्याकडून निवडणुकीत पडलेलाही येऊन गेला. ज्या मास्तरनं मला तिसरीतून घरी हाकललं त्याचा साहेब झालेला पोरगा आला. सगळे या रतनबाईच्या पायाखाली. फुशारकी मारत नाही, आहे ते सांगते.

अशा बाईच्या नातीची पाठ वाकडी निघाली.

बीडहून डॉक्टर लोक शाळेत आले होते. वाढत्या वयात पोरींचा कणा वाकडा का होतो, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. एकेका पोरीला पुढं वाकायला लावायचं, हात मोकळे सोडायला सांगायचे आणि गवंडी भिंतीवर पातळी ठेवतो तसं एक बारकं यंत्र पाठीवर ठेवायचं. आमची शिवकन्या वाकली आणि तिच्या पाठीची डावी बाजू पालथं सूप ठेवावं तशी वर आली. नववीतली पोर. रोज माझ्यासमोर वेणी घालते, आणि माझ्या डोळ्यांना कधी दिसलं नाही.

बीडला बोलावलं तेव्हा मी आणि माझा लेक अमरसिंह तिला घेऊन गेलो. सून वनमाला म्हशींसाठी घरी राहिली. आधी हाडांचे साधे फोटो झाले, मग पोरीला एका मोठ्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये निजवलं. पोरीला बाहेर बाकावर बसवून डॉक्टर ज्योत्स्नाबाईंनी आम्हा दोघांना आत घेतलं.

"आजी, बहुतेक पोरींची पाठ उजवीकडं वळते. हिची डावीकडं वळलीय. असं असलं की आम्ही आत तपासून बघतो. मणक्यांच्या आतून मज्जारज्जू जातो, दोरीसारखा. हिच्या त्या दोरीत पाणी साठलंय."

"कावून साठलं? काय खाल्लं तिनं?"

"खाण्यानं नाही होत. मेंदूचा खालचा भाग जरा खाली उतरलाय, त्यानं पाण्याची वाट अडलीय. ऑपरेशन करून ती मोकळी करावी लागेल."

"आन् पाठ त्याच्यानंच वाकली?"

"बहुतेक. पण याच्यात कुणाची वाकते, कुणाची वाकत नाही. का, ते अजून नीट कळलेलं नाही. तेच तर शोधतोय."

"म्हंजी तुमाला बी ठावं न्हाई."

"नाही, आजी."

थापा मारणारा डॉक्टर मला चालतो, त्याला कसा धुवायचा ते मला येतं. पण एवढी शिकलेली बाई डोळ्याला डोळा देऊन सरळ 'नाही' म्हणते, तिला काय बोलायचं?

मग त्या म्हणाल्या, "ऑपरेशन होईपर्यंत एक जपा. पाठीला दाब नको, झटका नको, कुणाकडून कणा बसवून घेणं तर अजिबात नको. दोरीला इजा झाली तर पाय जाऊ शकतात."

मी खुर्चीखाली माझे दोन्ही पाय आत ओढून घेतले.

येताना अमरसिंहाला बजावलं, "घरात चकार शब्द काढायचा न्हाई. तुझ्या बायकोच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. आज तिला सांगितलं तर उद्या पार परळीपर्यंत जाईल. पोरीचं लग्न व्हायचंय अजून." तोही बापच, मान हलवली. घरी आम्ही सांगितलं, पाठीत जरा वाक आहे, पुढच्या महिन्यात परत बोलावलंय.

पण शिवकन्येनं फोटो बघितला होता. स्वतःचा कणा नागासारखा वळलेला बघितल्यावर कुठल्या पोरीला जेवण जाईल? एका सकाळी मी दारात आले तर ती उंबऱ्याजवळ पालथी पडलेली, जशी लोकं पडतात तशी.

"आजी, लाव की पाय. साऱ्या गावाची पाठ नीट करतीस, माझीच कावून न्हाई?"

माझा पाय उंबऱ्यावरच लाकडासारखा झाला. खाली पोरीची पाठ, पातळ झग्यातून एक खांदा वर आलेला. मला ते आतलं पाणी दिसायला लागलं.

"ऊठ! ऊठ म्हणते ना!"

वनमाला आतून आली. "आत्याबाई, परक्याच्या लेकरांना पाय लावता. हिच्यावरच कावून रुसलात? माझ्या पोटची हाय म्हणून?"

"तुझ्या पोटची हाय म्हणून तर अक्कल न्हाई तिला," मी म्हणाले आणि शेताकडं चालू लागले. दुसरं काय बोलणार होते? आणखी एक शब्द काढला असता तर रडले असते, आणि सुनेसमोर मी रडत नसते.

बाजाराच्या दिवशी शेतातून आले तर घराला कडी. शेजारची भिमाबाई गोवऱ्या थापता थापता म्हणाली, "वनमाला गेली की शिवीला घेऊन सिरसाळ्याला, धुळाजीकडं. म्हणली, घरची पायाळू तोरा दाखवतीय, तर दुसरा बघावा."

धुळाजी! तोही पायाळू, पण पैलवान गडी. तो पाय लावून भागवत नाही. तिसऱ्या वेळेला अख्खा पाठीवर उभा राहतो. कट्ट आवाज आल्याशिवाय तिथल्या लोकांचं समाधान होत नाही.

मी वनमालेला फोन लावला. तो आमच्याच चुलीपाशी वाजला. अमरसिंह कारखान्यावर, त्याचा लागेना. गावातल्या सटवाची ऑटो उभी होती, तिच्यात बसले. दर वळणाला वाटायचं, आत्ता ठेवला पाय. आत्ता आवाज आला. पोर उठायला बघतीय आणि खालचं अंग तिचं राहिलंच नाही.

"मावशी, कोण गेलं का?" सटवानं विचारलं.

"तू पुढं बघ. न्हाईतर तूच जाशील."

धुळाजीच्या दारात बाजारातली गर्दी. मी कोपरानं वाट काढली. उंबऱ्यात पोत्यावर शिवकन्या पालथी, तोंड माझ्याकडं, डोळे घट्ट मिटलेले. वनमाला हात जोडून उभी. धुळाजीचा दोन वेळा पाय लावून झाला होता. एक हात चौकटीला धरून त्यानं तिसऱ्यांदा पाय उचलला.

मी ओरडले का नाही, आठवत नाही. मी सरळ पोरीवर आडवी झाले, भार माझ्या हातांवर आणि गुडघ्यांवर घेऊन.

"अय म्हातारे! काय येड लागलं का?" कुणीतरी म्हणालं.

धुळाजीनं मला ओळखलं. पाय खाली घेऊन हसला. "रतनबाई व्हय! गिऱ्हाईक तुटलं म्हणून जीव द्यायला आलात?"

लोक हसले. माझ्या पायाखाली पडून गेलेले चारदोन त्यात होते.

"आत्याबाई, उठा," वनमाला दात दाबून म्हणाली. "सोता करायचं न्हाई, दुसऱ्याला करू द्यायचं न्हाई."

मी उठले नाही. मला सांगावंच लागलं, आणि तेही बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत. "पोरीच्या कण्यातल्या दोरीत पाणी झालंय. बीडच्या डॉक्टरीणबाईंनी मशीनमध्ये बघितलंय. दाब पडला तर हिचे पाय जातील. ऑपरेशन हाय तिचं."

कुणी हसेना.

धुळाजी म्हणाला, "मग तुमचा तरी पाय लावायचा. तुमच्या पायाला तर लई गुण हाय म्हणता."

"न्हाई," मी म्हणाले. "उसण आपली आपण बी सुटती. वाकडं हाड माझ्या पायानं सरळ होत न्हाई, आन् तुझ्या बी न्हाई. हाय का कुणाचं झालेलं? सांगा की!"

एक म्हातारा हळूच रांगेतून निघून गेला.

मी बाजूला बसले. "शिवे, पाय हलव."

ती हलेना.

"शिवे!"

"आजी, तू माझ्या झग्यावर बसलीस," पोर म्हणाली. मी सरकले तेव्हा तिनं एक पाय उचलला, मग दुसरा. तरी मी तिला दोनदा त्या अंगणात चालायला लावलं, लोक बघत असताना.

ऑटोत ती आमच्या दोघींच्या मध्ये बसली. वनमाला म्हणाली, "मला कावून न्हाई सांगितलं? मी आई हाय तिची. सांगितलं असतं तर मी नेली असती का तिला हितं?"

मी पदरानं पोरीच्या तोंडावरची धूळ पुसली.

शिवकन्येनं विचारलं, "ऑपरेशननं पाठ सरळ होईल का, आजी?"

घरात काही लपवायचं म्हटलं तर ती वेळ निघून गेली होती. "ठावं न्हाई. पाणी उतरलं तर कुणाकुणाचा वाक थांबतो म्हणल्या डॉक्टरीणबाई. कुणाकुणाचा न्हाई."

"आन् पाय?"

"त्याच्यासाठीच तर ऑपरेशन."

तिनं माझा हात धरला. पुढं रस्ता खोदून ठेवलेला. वनमालेनं एका बाजूनं पोरीच्या पाठीमागं हात घातला, मी दुसऱ्या बाजूनं, आणि सटवाला म्हटलं, "हळू घे रे. एक जरी खड्डा लागला तर उतरून तुझीच पाठ मोडीन."